आठ माणसं, सहाशे चाळीस किलो

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरबाईंनी ही वही दिली. दिली म्हणजे हातात कोंबलीच. रोज सहा रकाने भरायचे: वजन, झोप, खाणं, सराव, मन, आणि सहाव्याचं नाव नुसतं 'सकाळ'. सकाळी काय लिहायचं, असं मी विचारलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं, की पुरुषाचं शरीर झोपेतून उठताना स्वतःहून जी हजेरी लावतं, ती लागली तर बरोबरची खूण, नाही लागली तर फुली. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या मी, कानापर्यंत लाल झालो. बायको शेजारीच बसली होती. ती भिंतीवरचा मूत्रपिंडाचा तक्ता फार मन लावून वाचत होती.

रक्त दोनदा तपासून झालं. पहिल्यांदा मी संध्याकाळी सहाला, सराव उरकून घामेजलेल्या अंगानं दिलं. टेस्टोस्टेरॉन एकशे ऐंशी आलं. बाई म्हणाल्या, अशा वेळी घेतलेल्या रक्ताची साक्ष मी मानत नाही, दोन दिवस आराम करा आणि सकाळी आठला उपाशीपोटी या. गेलो. दोनशे बारा. निदान तीनशे तरी हवं म्हणे. थायरॉइड ठीक, साखर ठीक, बाकी सगळं ठीक. मग कमी का, तर तेच शोधायला ही वही. वजन कमी झालंय का, असं त्यांनी विचारलं. बायको समोर होती, म्हणून मी म्हटलं, झालं असेल थोडंफार.

वजन ७५.२. झोप पाच तास. खाणं: काळी कॉफी, दोन उकडलेली अंडी, काकडी, संध्याकाळी पातळ सूप. सराव: पहाटे आठ किलोमीटर धावणं, संध्याकाळी दोर. मन: ठीक. सकाळ: फुली.

६ मार्च, गुरुवार

रकाने भरून झाले तरी हात थांबत नाही. बोलायला कोणी नसलं की माणूस वहीशी बोलतो.

आज एका आठ मजली इमारतीत लिफ्टच्या दाराचा सेन्सर बदलला. काम संपवून लिफ्ट सुरू केली, तर सात माणसं आत गेली आणि आठव्या आजी, चांगल्या ऐसपैस, दारातच अडल्या. मी चढले तर लिफ्ट खाली बसेल, म्हणाल्या. मी त्यांना आतली पाटी दाखवली. आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. म्हटलं, "आजी, लिफ्ट एकेकाला तोलत नाही, बेरीज बघते. त्या कोपऱ्यातल्या काकांनी वापरलं नाही ते तुमच्या वाट्याला आलं." आजी हसत चढल्या आणि लिफ्ट बिनतक्रार वर गेली. दुसऱ्याला समजावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आमची रस्सीखेचीची टीमही आठ जणांची. सगळे आमच्या लिफ्ट कंपनीतले, मेकॅनिक, वेल्डर, वायरमन. स्पर्धेच्या आधी आठही जणांना काट्यावर उभं करतात. एकूण वजन सहाशे चाळीसच्या आत हवं. मी सर्वांत शेवटी उभा राहतो. दोराचं शेवटचं टोक माझ्या काखेतून पाठीवर जाऊन दुसऱ्या खांद्यावरून खाली येतं. पुढचे सात जण ओढतात आणि मी टाचा रोवून दोर मागे सरकू देत नाही. म्हणून मला सगळे 'शेपूट' म्हणतात. बारा वर्षं शेपूट आहे. त्यातली गेली नऊ वर्षं आम्ही वीजघरवाल्यांच्या टीमकडून हरलोय. दर वेळी लोक म्हणतात, हत्ती गेला, शेपूट राहिलं. यंदा पंधरा जूनला सामना आहे.

वजन ७५.०. सकाळ: फुली.

९ मार्च, रविवार

बायकोला सांगितलं नाही ते इथे लिहून टाकतो.

नोव्हेंबरमध्ये आमचा स्टोअरकीपर निवृत्त झाला. तो ब्याऐंशी किलोचा होता. त्याच्या जागी मी माझ्या मेहुण्याला आणलं. आमच्याच कंपनीत वेल्डर आहे, बायकोचा धाकटा भाऊ, पस्तिशीचा, शहाण्णव किलो, आणि ताकद अशी की गंजलेला बोल्ट हातानं फिरवतो. मास्तर म्हणाले, गडी झकास आहे, पण चौदा किलो वाढले, दोन किलोची जागा होती, उरलेले बारा कोण देणार? मास्तर म्हणजे आमचे जुने फोरमन, आता निवृत्त, टीमचे कोच. मी म्हटलं, मी बघतो. मेहुण्याला मीच आणलेला. त्याला 'खाऊ नकोस' म्हणायला माझी जीभ रेटेना. मग शहाऐंशीचा मी पंच्याहत्तरवर आलो. अजून एक किलो उतरला की बेरीज जमेल.

मास्तरांना वाटतं, मेहुण्यानंही थोडं उतरवलं असेल. मेहुण्याला वाटतं, मास्तरांनी हिशेब जमवला असेल. बायकोला वाटतं, मला काहीतरी आजार आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण रात्री हिच्याकडे पाठ करून झोपावं लागतं, ते मात्र सहन होत नाही. चार महिने झाले. ही काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१२ मार्च, बुधवार

दोन गोष्टी झाल्या. सकाळी एका लिफ्टच्या शाफ्टच्या तळाशी मांजर अडकली होती, ती बाहेर काढली आणि नंतर जिन्यात बसून रडलो. कशासाठी रडलो ते मलाही कळलं नाही. मांजर ठणठणीत होती.

संध्याकाळी सरावात सिमेंटचा ठोकळा ओढायचा होता. माझी टाच घसरली. बारा वर्षांत घसरली नव्हती. मास्तर माझ्या पायांकडे बघत राहिले.

मग जिममध्ये दंड्या भेटला. याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. म्हणाला, "तुझ्या आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? एक सुई घे, आठवड्यात वाघ होशील." त्याच्याकडे टेस्टोस्टेरॉनच्या कुप्या मिळतात.

झोप साडेचार तास. मन: ठीक. सकाळ: फुली.

१४ मार्च, शुक्रवार

घेतल्या. दोन कुप्या आणि सुई. बॅगेत फ्यूजच्या पत्र्याच्या पेटीत, कापसात गुंडाळून ठेवल्यात. तिथे कोणी बघणार नाही. सोमवारी कामावरून सुटल्यावर जिमच्या बाथरूममध्ये टोचून घेईन. डॉक्टरबाईंना सांगणार नाही. शेपटाची जागा गेली तर मी कोण? लिफ्ट दुरुस्त करणारे शंभर आहेत.

१५ मार्च, शनिवार

वही मी गादीखाली डोक्याकडे ठेवली होती, सापडली पायथ्याकडे. हल्ली डोकंच चालत नाही. पानावर गुलाबी खडूची भुकटीही पडलेली. मास्तरांच्या फळ्याचा खडू बोटांना लागून आला असणार. पुसून टाकली.

बायको आज दिवसभर शिलाई मशीनवर होती. आमच्या टीमच्या जर्सी तीच शिवते. दुपारी भावाशी फोनवर बराच वेळ बोलली. मी आत गेलो तर म्हणाली, बाहीचं माप विचारत होते.

१७ मार्च, सोमवार

आज जे घडलं ते योगायोगच म्हणायचं.

मी आणि मेहुणा एका लिफ्टच्या टपावर होतो, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये. ब्रॅकेट वेल्ड करायचं होतं. तो म्हणाला, एक फ्यूज हवा. वेल्डिंगला माझ्या फ्यूजचा काय उपयोग, असं विचारणार तेवढ्यात त्यानं माझ्या बॅगेत हात घातला. पाने, पकडी, वायरीची गुंडाळी सगळं बाजूला सारून नेमकी तीच पेटी काढली आणि कापूस उलगडला.

"दाजी, हे कोणाचं?"

"एका मित्राचं."

"वजन किती तुमचं?"

मी म्हटलं, बोल्टकडे बघ. त्यानं बोल्टकडे बघितलं नाही. शाफ्टमध्ये उतरायला जागा नसते, त्यामुळे पळताही येईना.

"मी टीममध्ये आलो तेव्हा शहाऐंशी होतं. माझ्या शहाण्णवसाठी तुम्ही स्वतःला उपाशी मारलंत. मी उद्याच टीम सोडतो."

"सोड. मग तुझ्या बहिणीला मी काय सांगू?"

"आणि तुम्हाला काही झालं तर मी काय सांगू तिला?"

त्यानं दोन्ही कुप्या टपावर ठेवल्या आणि बुटाखाली चिरडल्या. मी त्याला काचेचा कण न् कण वेचायला लावला. शाफ्टमध्ये काच सांडायची नाही, हा नियम मीच त्याला पहिल्या दिवशी शिकवलाय. तो गुडघ्यावर बसून वेचत होता आणि नाक ओढत होता. मीही ओढत होतो. धूळ फार होती.

१८ मार्च, मंगळवार

बिंग फुटलं. सरावाच्या आधी मास्तरांनी गोडाऊनमधला माल तोलायचा काटा मैदानात आणवला आणि एकेकाला चढवलं. सात जणांचे मिळून पाचशे सहासष्ट. माझे चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा. मास्तरांनी फळ्यावर बेरीज केली, सहाशे चाळीस पूर्णांक सहा, आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता काढलं मला.

ते म्हणाले, "शेपटाशी ब्याऐंशीच्या खालचा माणूस मी उभा करत नाही. याला आठ किलो परत हवेत. कोण देतं?"

मेहुण्यानं हात वर केला, दोन किलो. मग बाकीच्यांनी एकेक. वायरमन म्हणाला, माझ्या मिशीतच अर्धा किलो निघेल. एकानं विचारलं, पाण्याचं वजन चालेल का. मास्तर प्रत्येकाच्या नावापुढे वजाबाकी लिहीत गेले. दोन आणि सहा, आठ. पाचशे अठ्ठावन्न अधिक ब्याऐंशी, सहाशे चाळीस. पाच मिनिटं लागली. मी चार महिने काय करत होतो?

पण घरी आलो तो भडकलेलाच. म्हटलं, मला भीक नको, शेवटचा माणूस दुसऱ्याचं तोलतो, त्याला कोणी तोलत नाही. ही मशीन थांबवून शांतपणे ऐकत होती. हिला सगळं ठाऊक होतं. मेहुण्यानंच सांगितलं असणार, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मी म्हटलं, "तुझ्या भावासाठीच केलं ना."

ती म्हणाली, "भाऊ माझा आहे, आणि नवरा काय शेजारणीचा आहे?"

मग तिनं पुढ्यात भाताचं ताट ठेवलं, वर चार अंडी. मी खाल्लं. खाताना पुन्हा रडलो. या वेळी मांजर नव्हती.

२० मार्च, गुरुवार

डॉक्टरबाईंपुढे सगळं ओकलो. पहाटेचं धावणं, काकडी, कुप्या. त्या रागावल्या नाहीत, वहीची पानं उलटत राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्या शरीराला वाटतंय दुष्काळ पडलाय. दुष्काळात घर काय करतं? आधी चैन बंद. ताकद, हौस, सकाळची हजेरी, शरीराच्या लेखी ही सगळी चैन." मेंदूतून खाली जो हुकूम जातो, तोच कमी झालाय. हुकूमच नाही तर खालचा कारखाना काय तयार करणार?

हे मला पटकन कळलं. लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की दार लागत नाही आणि घंटा वाजत राहते. लोक ओरडतात, लिफ्ट बिघडली. ती बिघडलेली नसते, स्वतःला वाचवत असते. मी चार महिने घंटेची वायर कापायला निघालो होतो.

सुई घेतली असती तर, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, बाहेरून तयार माल यायला लागला की शरीर स्वतःचं उत्पादन गुंडाळतं. पुन्हा सुरू व्हायला महिनोन्‌महिने लागतात, आणि तुम्हाला हवं तेव्हा होईलच असं नाही. तुमचा कारखाना शाबूत आहे, त्याला कच्चा माल द्या.

औषध काय, तर पोटभर जेवण, आठ तास झोप, धावणं बंद, दोर आठवड्यातून दोनदाच. दहा आठवडे. यात गोळी एकही नाही. मला जरा फसल्यासारखं वाटलं.

२ एप्रिल, बुधवार

खाणं सोपं आहे, झोप अवघड. पहाटे चारला आपोआप जाग येते आणि पाय बूट शोधायला लागतात. आज बूट सापडलेच नाहीत. बायको म्हणाली, दुरुस्तीला दिलेत. नवे तर आहेत.

मेहुण्यानं गोड बंद केलंय. डब्यातला त्याच्या वाट्याचा बटाटा तो माझ्या डब्यात ढकलतो आणि असा चेहरा करतो की जणू सगळी इस्टेट दान केली.

वजन ७६.९. झोप सात तास. खाणं: भात, अंडी, शेंगदाणे, दूध, मेहुण्याचा बटाटा. मन: कंटाळा. सकाळ: फुली.

१३ एप्रिल, रविवार

सकाळ: अर्धी खूण. अर्धी चालते का, बाईंना विचारायला हवं. विचारणार नाही.

२८ एप्रिल, सोमवार

वजन ७९. पण वजन उतरल्यावर आवळून घेतलेली पँट कमरेला अजून तशीच बसते, घट्ट होत नाही. काटा खोटा आहे की काय, अशी शंका आली. बायकोला सांगितलं तर तोंडातल्या टाचण्या न काढताच हसली. कापड वापरून सैल पडतं, म्हणाली. शिवणकामातलं तिला जास्त कळतं.

गेल्या आठवड्यात चार बरोबर, तीन फुल्या. अजून पाठ करूनच झोपतो. शरीर तयार झालं तरी माणूस घाबरतो, याला कुठला रकाना आहे?

१२ मे, सोमवार

वाईट दिवस. मास्तरांनी सरावात मला बसवलं आणि माझ्या जागी मेहुण्याला शेवटी उभं केलं. ठोकळा सरकला, टाच घसरली नाही. मी बाकावर बसून बघत होतो. वजन परत आलंय, पण जोर आलाय का, हे मास्तर मला करून दाखवू देत नाहीत. आठवड्यातून दोनदाच, म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टर यांना कधी भेटले?

सराव संपल्यावर मेहुणा दोर गुंडाळत माझ्याकडे आला. म्हणाला, दाजी, मागे उभं राहिलं की पुढचं काहीच दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. बारा वर्षं कसं काढलंत? मी म्हटलं, पाठी ओळखता यायला लागतात. कोण थकलाय, कोण आता सोडणार आहे, ते पाठीवरून कळतं. तो म्हणाला, मग आम्हाला तुमची पाठ कधी दिसायची?

घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

२ जून, सोमवार

रक्त शुक्रवारी दिलं, सकाळी आठला, उपाशीपोटी, दोन दिवस आराम करून. आज कागद मिळाला. चारशे एकाहत्तर.

डॉक्टरबाईंनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. मी विचारलं, काही गोळी वगैरे? त्या म्हणाल्या, गोळी हवीच असेल तर एक सांगते, घरात खोटं बोलणं बंद करा. बायको पुन्हा मूत्रपिंडाचा तक्ता वाचायला लागली. या वेळी तिचे खांदे हलत होते.

परत येताना क्लिनिकच्या इमारतीत जिना सोडून लिफ्ट घेतली. आत आम्ही दोघंच. हिनं माझा हात धरला. तीन मजले उतरायला जेमतेम अर्धं मिनिट लागतं. मी मेकॅनिक आहे, दोन मिनिटं अडकवता आली असती.

वजन ८१.४. झोप आठ तास. मन: लिहिता येत नाही. सकाळ: बरोबर.

१५ जून, रविवार

हात सोलले आहेत, तरी लिहितो. आज नाही लिहिलं तर कधी लिहिणार?

सकाळी नऊला वजनं. वीजघरवाले आधी चढले, सहाशे एकोणचाळीस. मग आम्ही. वायरमननं खरंच मिशी काढली होती, ओळखू येईना. शेवटी मी, ब्याऐंशी. पंचांनी बेरीज केली. सहाशे चाळीस पूर्णांक सहा.

तोच आकडा, सहाशे ग्रॅम जास्त. तासाभराची मुदत मिळाली. माझे हात आपोआप बुटांच्या नाड्यांकडे गेले. म्हटलं, मी पळून येतो, तासात किलो काढतो, सवय आहे मला. मास्तरांनी खुर्ची ओढली आणि खांदा दाबून मला तिच्यात बसवलं.

"तू बसायचंस. बाकीचे पळतील."

माझ्या डोळ्यांसमोर सात जण अंगावर दोन-दोन स्वेटर चढवून उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लागले. मेहुणा सर्वांत पुढे, टोमॅटोसारखा लाल. वीजघरवाले हसत होते. प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जाताना एकेक जण काहीतरी टोमणा मारून जात होता: महाराज, गार वारा येतोय ना, महाराज, पाय चेपू का. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. बसून राहणं. दोराखाली खांदा सोलतो ते परवडलं. मधे एकदा उठलो, तर बायको प्रेक्षकांतून नुसती उभी राहिली. परत बसलो.

दुसऱ्यांदा काट्यावर सहाशे एकोणचाळीस पूर्णांक आठ.

तीनपैकी पहिली ओढ आम्ही हरलो. सातही जण पळून दमले होते. वीजघरवाल्यांनी एका हिसक्यात चार मीटर नेलं. मला वाटलं, झालं, दहावं वर्ष. मग माझ्या पुढच्या पाठी बघितल्या. दमल्या होत्या, पण एकही सोडणाऱ्याची नव्हती. दुसऱ्या ओढीआधी मी मोठ्यानं सांगितलं, "दोन मिनिटं कोणी ओढू नका. श्वास घ्या. मी धरतो." बारा वर्षांत मी मैदानात पहिल्यांदा बोललो असेन.

पंच म्हणाले, दोर उचला, ताण घ्या, स्थिर, ओढा. त्यांनी ओढलं. सगळं माझ्या पाठीवर आलं, काखेपासून खांद्यापर्यंत आग. मार्चमध्ये याच क्षणी टाच घसरली होती. आज टाच मातीत शिरली आणि तिथेच राहिली. मांडीत, पोटात, कमरेत कुठेतरी काहीतरी होतं, जे चार महिने नव्हतं. ते कामावर हजर होतं. मी मनात मोजत होतो. शंभर. एकशे दहा. समोरचे धापा टाकायला लागले, ते दोरातूनच कळतं, दोर थरथरतो. मी ओरडलो, "आता." पुढच्या सात पाठी एकदम मागे आल्या.

तिसरी ओढ चार मिनिटं चालली. मला तिच्यातलं थोडंच आठवतं. मास्तर गुडघ्यावर बसून कुजबुजत होते, अजून एक पाऊल, अजून एक. मेहुणा माझ्या पुढेच होता. त्याच्या मानेवरून घाम माझ्या हातावर पडत होता. आणि मग दोर हलका झाला. इतका हलका की आम्ही आठही जण एकावर एक पाठीवर पडलो आणि मी सर्वांत खाली. वर पाचशे अठ्ठावन्न किलो. त्यांच्या बोलीप्रमाणे. उतरवलेले सगळे.

नऊ वर्षांनी. नऊ वर्षांनी जिंकलो. मास्तर, जे कधी हसत नाहीत, ते हसले नाहीतच, पण त्यांनी फळा आणवून सहाशे चाळीसभोवती एक वर्तुळ काढलं. वीजघरवाल्यांचा शेवटचा गडी माझ्याकडे आला, हात मिळवला आणि म्हणाला, मार्चमध्ये तुला सराव करताना बघितलं होतं, वाटलं होतं तू संपलास. मी म्हटलं, मलाही.

घरी येईपर्यंत पाय चालत नव्हते. बायकोनं खांद्यावर मलम लावलं. दोराचा वळ पाठीवर आडवा उमटलाय. त्यावरून तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, इथे शिवण चांगली बसली आहे. आज मी पाठ करून झोपणार नाही.

१६ जून, सोमवार

आठ तास नव्हे, साडेनऊ तास झोपलो. उठलो तर बायको केव्हाच मशीनवर बसली होती, गुणगुणत. वही गादीखाली नव्हती, उशीवर होती. आजचं पान उघडून.

वजन, झोप, खाणं, सराव, मन, पाच रकाने कोरे. सहाव्यात बरोबरची खूण आधीच केलेली. मोठी, रकान्याबाहेर गेलेली, कापडावर माप आखायच्या गुलाबी खडूनं. शेजारी तिच्या अक्षरात लिहिलं होतं:

"या रकान्याला साक्षीदार लागतो. मी आहे."

मी मागची पानं उलटली. १५ मार्चच्या पानावर पुसलेला गुलाबी डाग अजून आहे. पुढे २ एप्रिलला एक, २८ एप्रिलला एक, १२ मेला तर अख्ख्या बोटाचा ठसा. फ्यूजची पेटी, बूट, पँट, मास्तरांना कळलेली डॉक्टरची गोष्ट, सगळं एकेक करून जागेवर बसलं. बारा वर्षं मी समजत होतो, शेवटचा माणूस मी आहे. माझ्यामागेही कोणी टाच रोवून उभं होतं.

बाहेर जाऊन तिच्या मागे उभा राहिलो. तिनं मशीन थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, "पँटची कंबर अजून अर्धा इंच सोडावी लागेल."